लिक्सलिपची नदी आणि एकटी जहाजे

मागच्या जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत आम्ही सपत्नीक आयर्लंडला जाऊन आलो. आमची भाची तेथे लिक्सलिप गावी राहते आणि संगणकाच्या चिप बनविणाऱ्या कारखान्यात नोकरी करते. डब्लिन शहराच्या पश्चिमेला लिफी नदीकाठी हे गाव आहे. समुद्रमार्गे आलेल्या उत्तरेकडील लोकांनी त्याला नाव दिले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ सामन माशाची उडी. समुद्रातून नदीत चढणारे मासे येथील धबधब्यावर उड्या घेत असत.

पुलावर उभे असताना भाची म्हणाली, "मामा, जगप्रसिद्ध काळी बिअर बनवणारा आर्थर गिनेस इथलाच बरं का. १७५५ साली त्याने पहिली भट्टी इथे लावली आणि १७५९ मध्ये डब्लिनला गेला." आम्ही दारूला शिवत नाही. पण आपल्या बेटावर लग्नसमारंभात ती काळी बाटली कोणी पाहिली नाही असे थोडेच आहे? घरी आल्यावर भाचीने त्याच बिअरच्या एका जहाजाची हकीकत सांगितली आणि ती आमच्या मनातून जाईना. पुढे जे लिहीत आहोत त्याचे मूळ तेथे आहे.

पहिल्या महायुद्धात जर्मनीने पाणबुड्यांच्या जोरावर ब्रिटनची उपासमार करण्याचा बेत केला. एकट्या १९१७ च्या एप्रिल महिन्यात साडेआठ लाख टनांवर जहाजे बुडाली. जहाजांचा काफिला करून बरोबर लढाऊ नौका द्याव्यात, हा उपाय नवा नव्हता. शिडांच्या काळापासून तो ठाऊक होता. पण ब्रिटिश आरमार खाते म्हणे, आठवड्याला २,५०० जहाजे बंदरांत येतात आणि तितकीच जातात, एवढ्यांना राखण कोठून आणायची? मग हेंडरसन नावाच्या एका अधिकाऱ्याने आकडे तपासले. महासागर ओलांडणारी जहाजे आठवड्याला १२० ते १४० इतकीच निघाली! बाकी सारी किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारी लहानसहान जहाजे होती. आकडा फुगवायला त्यांना मोजले होते.

काफिले सुरू झाले आणि महासागरावरील नुकसान उतरले. त्याचे कारण आम्ही वर्गात मुलांना असे समजावतो. सागर अफाट आहे. चाळीस जहाजे एकेकटी गेली तर पाणबुडीला चाळीस वेळा संधी मिळते. तीच एकत्र गेली तर पाणबुडीला ती सारी दिसतात किंवा एकही दिसत नाही. आणि दिसलीच, तर तिला जेथे राखणदार टपून आहेत तेथेच यावे लागते.

मात्र पाणबुड्यांनी आपली शिकार सोडली नाही, फक्त जागा बदलली. त्या किनाऱ्याजवळ आल्या. जेथे लहान जहाजे अजून एकटीच ये-जा करीत होती, तेथे.

१२ ऑक्टोबर १९१७ च्या संध्याकाळी 'डब्ल्यू. एम. बार्कली' हे गिनेस कंपनीचे जहाज बिअरची पिंपे घेऊन डब्लिनहून लिव्हरपूलकडे निघाले. अवघे ५६९ टनांचे जहाज, सोबतीला कोणी नाही. किश दीपनौका मागे पडली न पडली तोच 'यूसी-७५' या पाणबुडीचा टॉर्पेडो येऊन आदळला आणि जहाज दुभंगले. कप्तान आणि काही खलाशी गेले. थॉमस मॅक्ग्लू नावाचा आचारी वाचला आणि त्याने पुढे ती रात्र सांगून ठेवली, म्हणून आपल्याला ती ठाऊक आहे.

होडीत बसलेल्यांजवळ पाणबुडी आली. तिच्या कप्तानाने जहाजाचे नाव, माल, मालक अशी चौकशी केली आणि त्यांना जाऊ दिले. आजूबाजूला बिअरची पिंपे तरंगत होती. पिंपांचा धक्का लागून होडी फुटेल या भीतीने ते लांब सरले आणि रात्रभर हाका मारीत बसले. अखेर 'डॉनेट हेड' नावाच्या कोळशाच्या जहाजाने त्यांना उचलून पहाटे डब्लिनला आणले. तेथे ओल्या कपड्यांनिशी त्यांना तासन् तास थांबवून ठेवले. नंतर एक अधिकारी येऊन विचारतो, तुम्ही परदेशी आहात काय? त्यावर उत्तर मिळाले, होय, बॅगट स्ट्रीटचे परदेशी. बॅगट स्ट्रीट हा डब्लिनमधलाच रस्ता! मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाला असे सुचते, हे आम्हाला फार आवडले.

दुसऱ्या दिवशी भाचीने आम्हाला डन लेरी बंदरावर नेले. तेथे समुद्राकाठी एक मोठा नांगर ठेवला आहे. तो 'लेन्स्टर' या टपालजहाजाचा. १० ऑक्टोबर १९१८ रोजी सकाळी हे जहाज याच बंदरातून निघाले, तेही राखणीशिवाय, आणि किशच्या पुढे टॉर्पेडोने बुडाले. पाचशेहून अधिक माणसे गेली. आत टपाल निवडणारे २२ कर्मचारी होते, त्यांतला एकच वाचला. एका महिन्याने युद्ध संपले. ती पाणबुडीही घरी पोचली नाही, उत्तर समुद्रातील सुरुंगांनी तिला गिळले.

त्या नांगरापाशी उभे असताना आम्हाला आपल्या बेटाची आठवण झाली. आयर्लंड काय, मॉरिशस काय, दोन्ही बेटेच. जहाज आले तर दिवा, जहाज आले तर कापड.

दुसऱ्या महायुद्धातही तीच गोष्ट पुन्हा घडली, या वेळी आपल्या दारात. १९४३ च्या मे महिन्यात अटलांटिकवरील काफिल्यांची राखण इतकी कडक झाली की जर्मनांना तेथून बहुतेक पाणबुड्या मागे घ्याव्या लागल्या. दूर हिंदी महासागरात मात्र पुष्कळ जहाजे एकटीच फिरत होती. आधीच्या वर्षी, २३ नोव्हेंबर १९४२ रोजी, मुंबईहून आफ्रिकेला निघालेले 'तिलावा' हे प्रवासी जहाज असेच एकटे असताना जपानी पाणबुडीने बुडविले आणि २८० माणसे मेली. १९४३ च्या जून महिन्यात तर मॉरिशसच्या दक्षिणेला 'शार्लोट श्लीमान' या जर्मन तेलवाहू जहाजाने कित्येक पाणबुड्यांना तेल पुरविले. त्यांपैकी 'यू-१८१' चा कप्तान वोल्फगांग ल्यूट आपल्या बेटाभोवती घिरट्या घालू लागला. ७ ऑगस्टला पोर्ट लुईपासून थोड्याच अंतरावर 'उमवुमा' बुडाले. १२ ऑगस्टला आपल्याकडेच माल घेऊन येणारे 'क्लॅन मॅकआर्थर' बुडाले. त्यातून वाचलेल्यांना एका फ्रेंच युद्धनौकेने पोर्ट लुईला उतरविले. ल्यूट २०६ दिवस समुद्रावर राहून ऑक्टोबरात बोर्दोला परतला आणि जर्मनीत त्याचे मोठे कौतुक झाले.

अशा ब्रिटिश जहाजांवर भट्टीपाशी कोळसा ओढणारे खलाशी हजारोंच्या संख्येने भारतीय होते. त्यांत कोकणातलेही पुष्कळ, म्हणजे आपले पूर्वज जेथून आले त्या मुलखातले. भट्टी जहाजाच्या पोटात असते, टॉर्पेडोही पोटातच लागतो. मुंबईला मशीद बंदरजवळ खलाशांच्या घरात त्यांचे स्मारक आहे. पण आपल्या बेटावर किती जणांना ते ठाऊक आहे? ल्यूटचे नाव पुस्तकांत सापडते, भट्टीवाल्याचे शोधावे लागते.

आमची आजी त्या वेळी बारा वर्षांची होती, कास्काव्हेलला राहत असे. तिला पाणबुडी हा शब्द ठाऊक नव्हता. तिला इतकेच ठाऊक होते की तांदूळ संपला. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. जी जहाजे दुसरीकडून काही आणीत, त्यांतलीही सारी पोचत नसत. सरकारने उसाच्या जमिनीत मका आणि मान्योक लावायला लावले. रेशनच्या रांगेत आजी पहाटेपासून उभी राही. मान्योक उकडून, मान्योक किसून, मान्योकचे पीठ करून, असे दिवस काढले, असे ती सांगे. म्हातारपणी घरात कोणी मान्योक आणला तर ती त्याला हात लावीत नसे.

त्या ऑगस्टनंतर काही आठवड्यांतच गणेश चतुर्थी आली. मोदकांना तांदळाची पिठी कोठून आणायची? आमच्या पणजीने एका डब्यात मूठभर तांदूळ लपवून ठेवले होते. ते तिने पाट्यावर वाटले. २१ मोदकांपैकी २० मान्योकचे झाले आणि एक तांदळाचा. आरती झाल्यावर तो एक मोदक पणजीने सुरीने कापला, घरात सात मुले होती, आणि प्रत्येकाच्या तळहातावर नखाएवढा तुकडा ठेवला.