एकदाही न उडालेलं (लेखमाला : भाग ७)

मागच्या आठवड्यात आपण हेलिकॉप्टरच्या शेपटीवरचा लहान पंखा पाहिला. मोठा पंखा एका बाजूला फिरू लागला की खालचं अंग उलट्या बाजूला फिरू पाहतं. त्याला धरून ठेवण्यात इंजिनाची काही ताकद खर्च होते आणि ती ओझं उचलायला मिळत नाही. ज्यांना खरोखर मोठं ओझं उचलायचं होतं, त्यांना हा खर्च डाचत होता. त्यावर एक उपाय म्हणजे दोन मोठे पंखे, एक पुढे आणि एक मागे, परस्परविरुद्ध फिरणारे. म्हणजे सगळी ताकद उचलण्याच्या कामी येते. चिनूक हेलिकॉप्टर असंच आहे. आजची गोष्ट चिनूकच्या थोरल्या भावंडाची आहे. बोईंग व्हर्टोल कंपनीने ते अमेरिकी लष्करासाठी बांधायला घेतलं होतं. नाव एक्ससीएच-६२, आणि प्रकल्पाचं नाव सरळ ‘हेवी लिफ्ट हेलिकॉप्टर’.

या यंत्राचं माप एका लोखंडी खोक्यावरून ठरलं. न्हावा-शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलरवरून जाणारे वीस फुटी कंटेनर आपण रोज पाहतो. १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्ध चालू असताना सी-लँड कंपनीने कॅम रान्ह इथे कंटेनरची जहाजं आणायला सुरुवात केली आणि तिथल्या धक्क्यांवर तुंबलेला माल हलू लागला. पण कंटेनरला खोल धक्का लागतो, क्रेन लागते. पुढच्या लढाईत बंदरच नसलं तर? जहाज समुद्रात उभं करून भरलेला कंटेनर हवेतूनच किनाऱ्यावर आणायचा, हे लष्कराचं उत्तर होतं. त्यासाठी पोटाखाली सुमारे २० टन ओझं टांगून नेणारं हेलिकॉप्टर हवं होतं. त्या वेळी लष्कराकडचं ‘उडती क्रेन’ म्हणवलं जाणारं सीएच-५४ साधारण ९ टन उचलत असे.

दुप्पट ओझं म्हणजे दुप्पट मोठं यंत्र, इतकं हे सोपं नाही. पंखा जितका मोठा, तितका तो सावकाश फिरवावा लागतो, कारण पात्याचं टोक आवाजाच्या वेगाजवळ जाऊ लागलं की पंखा नीट काम करत नाही. एक्ससीएच-६२ चा प्रत्येक पंखा २८ मीटर व्यासाचा होता, म्हणजे सेकंदाला जेमतेम अडीच फेऱ्या. तीच ताकद कमी फेऱ्यांतून द्यायची तर प्रत्येक फेरीमागचा पीळ वाढतो. हा पीळ सोसणारे शाफ्ट आणि गिअर जाड करावे लागतात, ते जड होतात आणि उचलण्याच्या क्षमतेतला वाटा तेच खाऊन टाकतात. मोठ्या हेलिकॉप्टरची खरी लढाई गिअरबॉक्समध्ये असते ती यामुळे. इथे प्रत्येकी सुमारे ८,००० अश्वशक्तीची तीन इंजिनं होती.

१९७१ मध्ये काम बोईंग व्हर्टोलकडे आलं आणि ते शहाणपणाने सुरू झालं. आधी अवघड भाग वेगळे बनवून तपासायचे, मग यंत्र जोडायचं. पाती काचतंतूंची. वैमानिकाच्या दांड्यापासून पंख्यापर्यंत तारा-दांड्यांची जोडणी नाही, सगळा निरोप विजेच्या संकेतांनी जायचा. हे तंत्र आज नवल राहिलेलं नाही, तेव्हा ते होतं. त्याची परीक्षा घ्यायला एका चिनूकमध्ये फेरफार करून ‘मॉडेल ३४७’ नावाचं वेगळं हेलिकॉप्टर उडवलं गेलं. मला सगळ्यात आवडते ती ओझं सांभाळणाऱ्या माणसाची जागा. पोटाखाली काचेची लहान खोली, त्यात मागे तोंड करून बसलेला एक चालक आणि त्याच्या हाताशी स्वतःचा दांडा. खाली टांगलेला कंटेनर पुढच्या वैमानिकाला दिसत नाही, याला दिसतो. म्हणून कंटेनर नेमका ठेवायच्या घटकेला हेलिकॉप्टरही यानेच हलवायचं. कामाचा विचार कामाच्या जागेवरून केला की अशी रचना सुचते. चाकांचे पायही लांब आणि फाकलेले होते. एखादं चिलखती वाहन पायांमध्ये घेऊन हे हेलिकॉप्टर त्याच्यावर उभं राहू शकणार होतं. सडपातळ अंगात जागा फक्त बारा सैनिकांची.

आणि मग दाते तुटले.

ट्रकच्या गॅरेजमध्ये ‘क्राऊन-पिनियन’ हा शब्द ऐकलेल्यांना हा भाग लगेच कळेल. आडव्या शाफ्टवरून येणारी ताकद काटकोनात वळवायची तर तिरके, वळणदार दाते असलेली गिअरची जोडी लागते. हेलिकॉप्टरमध्ये आडवी येणारी ताकद वर, उभ्या पंख्याकडे वळवावी लागते. परीक्षणात या गिअरचे दाते तुटले. वजन वाचवायला दात्यांमागची कड बारीक ठेवली होती. दात्यावर किती ताण येईल हे त्या काळच्या सूत्रांनी काढलं जाई, आणि ती सूत्रं मागचा भाग ताठ आहे असं धरून चालत. प्रत्यक्षात भार आल्यावर ती बारीक कडच वाकत होती आणि दात्यांच्या मुळाशी ताण हिशेबापेक्षा कितीतरी जास्त येत होता. सगळ्या गिअरचे संगणकात बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचा ताण मोजायची रीत पुढे रुळली, तेव्हा हे नीट उलगडलं. कामात हयगय झाली नव्हती. अशा मापाचा हलका गिअर कोणी केलाच नव्हता, त्यामुळे सूत्राची मर्यादा कुणाच्या वाट्याला आलीच नव्हती. ती यांच्या वाट्याला आली.

वेळही वाईट होती. १९७५ च्या एप्रिलमध्ये सायगाव पडलं आणि नव्या लष्करी यंत्रांना पैसा द्यायला कुणाचा हात पुढे येईना. त्यातच सिकोर्स्कीचं तीन इंजिनांचं सीएच-५३ई १९७४ मध्ये उडालं होतं. ते सुमारे १६ टन टांगून नेणारं आणि मरीन दलाच्या जहाजांवर मावणारं होतं. एक्ससीएच-६२ त्या जहाजांसाठी फार मोठं होतं. दोन्हींना पैसा कशाला, हा प्रश्न अमेरिकी संसदेत टिकण्यासारखा होता आणि १९७५ मध्येच पैसा थांबला. हेलिकॉप्टर तेव्हा सुमारे ९५ टक्के बांधून झालं होतं. त्या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. ज्याच्या हातात मर्यादित पैसा आहे, त्याला कुठेतरी नाही म्हणावंच लागतं.

यंत्र तसंच ठेवलं गेलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर नासा, लष्कर आणि दार्पा ही संरक्षण संशोधन संस्था पुन्हा त्याच्याकडे वळल्या. गिअर नव्याने आखायचे, यंत्र पुरं करायचं आणि संशोधनासाठी उडवायचं, असा बेत होता. दाते का तुटले हे आता कळलं होतं. पण या वेळीही संसदेने पैसा दिला नाही. एवढ्या जवळ येऊन दुसऱ्यांदा थांबणं मला पहिल्यापेक्षा जास्त लागतं.

शेवटी ते अलाबामातल्या फोर्ट रकर इथल्या लष्करी विमान संग्रहालयात गेलं. अमेरिकेत इतकं मोठं हेलिकॉप्टर दुसरं कुठलंच नव्हतं. २००५ मध्ये ते तोडून भंगारात काढलं. काही भाग इंग्लंडमधल्या वेस्टन-सुपर-मेअरच्या हेलिकॉप्टर संग्रहालयाने घेतले.

मी या तोडण्याशी समेट करू शकलेलो नाही. प्रकल्प थांबवायला कारणं होती. पण ते एकमेव यंत्र होतं आणि कागदावर नसलेली कितीतरी माहिती त्याच्या अंगावर होती. कुठला जोड हाताने ठोकून बसवला, कुठे आखणी बदलून जादा पट्टी लावली, केबलचा गठ्ठा शेवटी कुठून न्यावा लागला, हे नकाशात सापडत नाही. यंत्राखाली उभं राहून बघावं लागतं. मोठी यंत्रं सांभाळणं महाग असतं, उन्हापावसात धातू खातो, हे कळतं. तरी निदान एक गिअरबॉक्स, ती काचेची खोली आणि एक पातं एकत्र जपलं असतं, तर पुढच्या विद्यार्थ्याला सगळी गोष्ट हाताला लागली असती.

त्या कामातलं सगळंच मात्र गेलं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या त्याच कारखान्यातून पुढे चिनूकचं डी रूप बाहेर पडलं, तेव्हा धातूच्या पात्यांच्या जागी काचतंतूंची पाती आली होती आणि पोटाखाली एकाऐवजी तीन हुक होते, म्हणजे लांब ओझं दोन ठिकाणी बांधून न डोलता नेता येतं. त्याच वंशातली पंधरा चिनूक भारतीय हवाई दलाने घेतली आणि पहिली चार २०१९ मध्ये चंदीगडला आली. त्याच तळावर त्याआधी सोव्हिएत बनावटीची मिल एमआय-२६ होती. एक्ससीएच-६२ ला जमायचं होतं ते वीस टनांचं ओझं उचलणारी.

एमआय-२६ ला एकच पंखा, आठ पात्यांचा, ३२ मीटर व्यासाचा. १९७७ च्या डिसेंबरमध्ये ते पहिल्यांदा उडालं. गिअरबॉक्सचं जे कोडं पेनसिल्व्हेनियात अडलं, ते मॉस्कोजवळच्या मिल कार्यालयात कसं सुटलं? त्याआधी त्यांनीही व्ही-१२ नावाचं अवाढव्य यंत्र बांधून बाजूला ठेवलं होतं. दोन्ही बाजूंना पंखा असलेल्या त्या यंत्राने १९६९ मध्ये ४४ टनांहून जास्त ओझं उचललं. ते कधी सेवेत गेलं नाही, तरी त्याचा एक नमुना आज मोनिनोच्या संग्रहालयात उभा आहे. पुढच्या आठवड्यात त्याच्याखाली जाऊन उभे राहू.