चिंचेनें घासलेला रुपया

दरवर्षीं आश्विन अमावास्येस सायंकाळीं आमच्या घरीं लक्ष्मीपूजनासाठीं चांदीचे रुपये बाहेर निघतात. तत्पूर्वीं ते चिंचेच्या कोळांत भिजवून राखेनें घासून लख्ख करण्याचा प्रघात आमच्या आजीपासूनचा, आणि तो आम्हीही मोठ्या निष्ठेनें चालविला. दोन वर्षांपूर्वीं मात्र असा प्रसंग घडला कीं, या निष्ठेचा आम्हांस पश्चात्ताप झाला.

जुनी ट्रंक आवरतांना पंचम जॉर्जच्या छापाचा १९१८ सालचा एक रुपया कापडाच्या पुरचुंडींत सांपडला. पूजेच्या तबकांतही त्याच सालचा, मुंबईच्या टांकसाळीचा ठिपका असलेला एक रुपया होताच. दोघांचें वजन १८० ग्रेन, दोघांत बारांतील अकरा भाग चांदी. म्हणजे जुळीं भावंडेंच म्हणानात. तबकांतला झगझगीत, पुरचुंडींतला काळसर. नाण्यांची हौस असलेल्या एका स्नेह्यांनीं आग्रह धरिला, म्हणून ते दोन्ही आम्ही परीक्षेसाठीं अमेरिकेंत पाठविले.

तिकडे हें काम करणाऱ्या संस्था चांगल्या नांवारूपास आल्या आहेत. त्यांपैकीं पी. सी. जी. एस. ही १९८६ सालीं व एन. जी. सी. ही १९८७ सालीं सुरू झाली. एकाहून अधिक परीक्षक नाणें आळीपाळीनें पाहतात आणि निर्णय ठरला म्हणजे त्यास १ पासून ७० पर्यंतचा अंक देऊन पारदर्शक डबींत बंद करितात. ही मोजपट्टी डॉ. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञानें १९४९ सालीं अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांकरितां आंखली. (याच गृहस्थांनीं एका नाणकसंस्थेच्या संग्रहांतील उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागीं आपले हलके सेंट ठेविले होते, हें त्यांच्या पश्चात् उघडकीस आलें! असो.) ६० व त्यावरील अंक व्यवहारांत न फिरलेल्या नाण्यासच मिळतो.

पारख म्हणजे केवळ भिंगाचें काम, अशी आमची समजूत होती. ती खरी नव्हे. परीक्षक एकाच दिव्याखालीं नाणें कडेला धरून, हळूहळू कलतें करीत पाहतो. टांकसाळींत ठसा दाबला जातो त्या क्षणीं धातु मध्यापासून कडेकडे सरकतो आणि त्या प्रवाहाच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्याच्या अंगावर राहतात. नाणें कलतें केलें कीं, या रेषांवरचा प्रकाश गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. हीच टांकसाळीची तकाकी. हातोहात फिरणाऱ्या नाण्यावर ती प्रथम उंचवट्यांवरून जाते. आमच्या रुपयावर हे उंचवटे म्हणजे राजाचा मुगुट, कान, भुंवई. झग्यावरचा इवलासा हत्तीही न्याहाळावा लागतो. १९११ च्या रुपयावर तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड होऊन पुढील वर्षीं सुधारावा लागला, तोच हा हत्ती.

घासल्यानें येणारी चकाकी याहून अगदीं निराळी. राखेचा कण कितीही बारीक असला तरी चांदीवर केसासारखे चरे पाडतो. व्यवहारांत पडलेले ओरखडे वाटेल त्या दिशेचे असतात. घासणाऱ्या हाताचे चरे मात्र समांतर अथवा वर्तुळाकार, झुंडीनें येतात. बोट अक्षरांच्या कोपऱ्यांत पोंचत नाहीं, म्हणून तेथें जुना काळपणा तसाच राहतो आणि भोंवतालचें मैदान तेवढें पांढरें पडतें. कांहीं व्यापारी फिरत्या तारेच्या कुंचल्यानें खोटी तकाकी आणितात. तेव्हां धातु ढकलला जाऊन अक्षरांच्या कडेशीं बारीक बांध उभा राहतो, आणि येथें मात्र भिंगच चोर पकडतें. रासायनिक द्रावणांत बुडविल्यास चरे पडत नाहींत, परंतु काळपणाबरोबर वरचा थरही जातो. वारंवार बुडविलेलें नाणें पांढरें दिसतें, पण कलतें केलें तरी त्यावर आरे फिरत नाहींत.

आणि ज्यास आपण मळ समजतों, तो पुष्कळदां मळ नव्हेच! हवेंतील गंधकाशीं चांदीचा संयोग होऊन पातळ थर चढतो. तो वाढेल तसतसे पिंवळट, तांबूस, निळसर रंग दिसतात आणि शेवटीं काळपणा येतो. हा रंग बहुधा कडेकडून आंत सावकाश सरकतो. त्याखालीं तकाकी शाबूत असली तर परीक्षक असा रंग दोष मानीत नाहींत.

आमचे रुपये परत आले. काळसर रुपयास ६२ अंक मिळाला. झगझगीत रुपयाच्या डबीवर अंकच नव्हता. नुसतें ‘डीटेल्स’ आणि खालीं ‘क्लीन्ड’, म्हणजे नक्षी ओळखूं येते पण नाणें घासलेलें आहे. तो घासणारा हात आमचाच होता.

घरांत हें सांगितलें तेव्हां आमच्या आत्याबाई उसळून म्हणाल्या, “कोण कुठला डबीवाला म्हणतो, म्हणून आमची लक्ष्मी पारोशी ठेवायची काय?” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. अखेर तडजोड झाली. घासलेला रुपया डबींतून सोडवून पूजेच्या तबकांत गेला आणि उरलेले न धुतां, मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळून (त्यांनीं नाण्यांवर हिरवट चिकटा चढतो), कोऱ्या कागदाच्या पाकिटांत ठेविले. गेल्या दिवाळींत आत्याबाईंनीं तबकांतला रुपया स्वतःच चिंचेनें लख्ख केला, आणि मग चष्मा पुसून पाकिटांतला काळसर रुपया दिव्याखालीं कलता करून बराच वेळ पाहत बसल्या.