सफरीविना इसार : पर्यटन-जहाजांवर विकल्या जाणाऱ्या आगाऊ ठेवींचे मूल्यमापन

उत्तर अमेरिकेतील सागरी पर्यटनाच्या व्यवसायात एक विक्रीपद्धती चांगलीच रूढ झालेली आहे. सफर संपण्यापूर्वी, प्रवासी अद्याप जहाजावर असतानाच, त्याला पुढील सफरीसाठी आगाऊ ठेव भरण्याचे आवाहन केले जाते. त्यासाठी मोठ्या जहाजांवर स्वतंत्र विक्रीकक्ष असतो. कोणती सफर, कोणते जहाज, कोणता महिना यांपैकी काहीही ठरविण्याची आवश्यकता नसते. प्रवाशाने ठराविक रक्कम भरावयाची, तीबद्दल प्रमाणपत्र घ्यावयाचे आणि मुदतीच्या आत त्याच कंपनीची सफर निश्चित करताना ती रक्कम प्रारंभिक अनामत म्हणून वळती करून घ्यावयाची, असा हा व्यवहार आहे. मोबदला म्हणून जहाजावरील खर्चासाठी काही डॉलरांची जमा दिली जाते. ही जमा काही योजनांत चालू सफरीच्या बिलात तत्काळ मिळते, तर काहींत पुढील सफरीच्या वेळी. अशी ठेव विकत घेणे लाभदायक आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि संभाव्यता, व्याज, ग्राहकाचे मनोव्यापार आणि ऋणकोची पत हे चारही घटक त्यात एकत्र आलेले असल्यामुळे अर्थशास्त्राच्या अभ्यासकास तो उद्बोधक ठरावा.

इसार आणि ठेव यांतील भेद

मराठी व्यवहारात इसार हा शब्द सुपरिचित आहे. जमिनीचा, घराचा किंवा जनावराचा सौदा ठरला की खरेदीदार इसार देतो. त्या रकमेने उभय पक्ष बांधले जातात : घेणारा मागे सरल्यास इसार गमावतो, आणि विकणाऱ्यास ती वस्तू ठरलेल्या किमतीस दुसऱ्या कोणास विकण्याची मोकळीक राहत नाही. इसाराचे मूल्य या द्विपक्षीय बंधनातच आहे.

जहाजावरील खुल्या ठेवीत हे बंधन एकाच बाजूचे असते. प्रवाशाचा पैसा कंपनीकडे जातो. परंतु कंपनी भाडे निश्चित करीत नाही, केबिन राखून ठेवीत नाही, किंवा अमुक मार्गावर जहाज धाडण्याचे वचनही देत नाही. भाडे दीडपट झाले तरी ठेवीदारास नव्याच दराने सफर घ्यावी लागते. म्हणून या ठेवीस वित्तशास्त्रातील ‘विकल्प’ म्हणणेही यथार्थ नव्हे. विकल्पात पूर्वनिश्चित किमतीस वस्तू घेण्याचा हक्क असतो. येथे किंमतच ठरलेली नाही. याउलट, जहाजावरच एखादी विशिष्ट सफर निश्चित केली आणि तिची अनामत अंतिम भरण्याच्या तारखेपर्यंत परत मिळण्याजोगी असेल, तर मात्र प्रवाशाच्या हाती खरा विकल्प येतो : भाडे वाढले तर जुना दर कायम राहतो, घटले तर आरक्षण रद्द करता येते. विक्रीकक्षात हे दोन्ही व्यवहार शेजारी-शेजारी चालतात, आणि म्हणूनच त्यांची गल्लत होते.

हिशेबाची मांडणी

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ठेव २५० डॉलर, तीवरील जमा १०० डॉलर, मुदत दोन वर्षे आणि प्रवाशास अन्यत्र मिळू शकणारे व्याज दरसाल ५ टक्के आहे असे समजू. सफर घडलीच तर ती मुदतीच्या अखेरीस घडेल असे गृहीत धरू. आजच्या हिशेबाने दोन वर्षांनंतरच्या २५० डॉलरांचे मूल्य सुमारे २२६.७६ डॉलर भरते. म्हणजे केवळ पैसा अडकून राहिल्यामुळे २३.२४ डॉलरांची तूट येते. आता सफर प्रत्यक्षात घडण्याची संभाव्यता किमान किती असली पाहिजे, हे तीन प्रकारच्या योजनांसाठी काढता येते.

पहिल्या प्रकारात ठेव परत मिळत नाही, परंतु १०० डॉलरांची जमा तत्काळ मिळते. येथे प्रवाशाने वस्तुतः १५० डॉलर पणास लावलेले असतात. सफर घडण्याची संभाव्यता सुमारे ६६ टक्क्यांहून अधिक असेल तरच व्यवहार फायद्याचा ठरतो. दुसऱ्या प्रकारात ठेव परत मिळत नाही आणि जमाही पुढील सफरीतच मिळते. तेथे ही मर्यादा सुमारे ७९ टक्क्यांवर जाते. तिसऱ्या प्रकारात जमा पुढील सफरीत मिळते, परंतु ठेव न वापरल्यास मुदतीअखेर पूर्ण परत मिळते. येथे गमावण्यासारखे केवळ व्याजच असल्यामुळे २६ टक्के संभाव्यताही पुरेशी होते.

या हिशेबात जमेच्या प्रत्येक डॉलरचे मूल्य पूर्ण एक डॉलर धरले आहे. ते नेहमीच तसे नसते. सेवकवर्गाच्या बक्षिसीची दैनिक आकारणी किंवा अन्य अटळ खर्च त्या जमेतून भागत असेल, तर जमा रोख पैशाइतकीच मोलाची होय. परंतु ती खर्ची पडावी म्हणूनच एखादी छायाचित्रे किंवा मद्याची बाटली घेतली गेली, तर तिचे मूल्य कमी होते. एका डॉलरची जमा प्रवाशास ६० सेंटांच्याच मोलाची वाटत असेल, तर वरील तीन मर्यादा अनुक्रमे ८४, ८९ आणि ४३ टक्के अशा चढतात.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. पहिल्या प्रकारात सफर दोन वर्षांऐवजी एका वर्षानेच घडेल असे धरले तरी मर्यादा ६६ वरून ६३ टक्क्यांपर्यंतच उतरते. म्हणजे ‘पैसा फुकट अडकतो’ हा जो आक्षेप सामान्यतः घेतला जातो, तो खरा असला तरी गौण आहे. निर्णायक घटक दोनच : ठेव परत मिळते की नाही, आणि सफर घडेल की नाही.

सीमांत लाभाचा प्रश्न

लाभ मोजताना योजनेने देऊ केलेली रक्कम न पाहता, योजनेवाचून जे मिळाले नसते तेवढेच मोजले पाहिजे. प्रवासाची तिकिटे विकणारे दलाल आपल्या दलालीतील काही भाग ग्राहकास जहाजखर्चाच्या जमेच्या रूपाने देतात. कंपन्याही वेळोवेळी सवलती जाहीर करतात. असा ६० डॉलरांचा लाभ अन्यथा मिळणारच होता आणि ठेवीच्या जमेशी त्याची बेरीज करता येत नाही असे मानले, तर ठेवीचा खरा लाभ १०० नसून ४० डॉलरच उरतो. अशा स्थितीत परत मिळणाऱ्या ठेवीसही सुमारे ६४ टक्के संभाव्यता लागते. आणि न परतणाऱ्या, पुढील सफरीत जमा देणाऱ्या ठेवीस ९५ टक्के. ही दुसरी अट पुरी करू शकणारे प्रवासी विरळाच.

एकाहून अधिक प्रमाणपत्रे घेण्याच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो. एखाद्या प्रवाशाने दोन वर्षांत एक सफर करण्याची संभाव्यता ८० टक्के, पण दोन सफरी करण्याची ४० टक्केच असेल, आणि एका सफरीस एकच प्रमाणपत्र लावता येत असेल, तर पहिले प्रमाणपत्र घेणे शहाणपणाचे आणि तेवढ्याच किमतीचे दुसरे घेणे अविचाराचे ठरते. विक्रेता मात्र दोन्ही प्रमाणपत्रे सारख्याच किफायतशीर शब्दांत पुढे करतो.

संभाव्यता कोण ठरवितो?

वरील सर्व विवेचन प्रवाशास आपल्या भावी वर्तनाची संभाव्यता ठाऊक आहे या गृहीतावर उभे आहे, आणि नेमके हेच गृहीत कच्चे आहे. ठेवीची विक्री होते ती सफरीच्या आनंदात. मनुष्य आजच्या मनःस्थितीवरून उद्याच्या इच्छेचे अनुमान करतो व त्यात चुकतो, असे लोवेनस्टाइन, ओडोनोह्यू आणि रॅबिन यांनी २००३ मध्ये सिद्धान्तरूपाने मांडले. कडाक्याच्या थंडीच्या दिवशी टपालाने मागविलेले उबदार कपडे पुढे अधिक प्रमाणात परत केले जातात, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉनलिन, ओडोनोह्यू आणि फोगेलसँग यांच्या अभ्यासात आढळले. व्यायामशाळांच्या वर्गणीदारांविषयी डेलाव्हिन्या व मालमेंडियर यांचा २००६ मधील अभ्यासही याच दिशेचा आहे : दर भेटीस १० डॉलर देऊन ज्यांना व्यायाम करता आला असता, अशा सभासदांनी मासिक वर्गणी भरून प्रत्यक्षात दर भेटीस १७ डॉलरांहून अधिक मोजले. आपण किती वेळा जाऊ, याचा त्यांचा अंदाज फाजील होता.

दुसरी प्रवृत्ती अधिक सूक्ष्म आहे. शफीर आणि थेलर यांनी २००६ मध्ये दाखविले, की पुष्कळ आधी केलेली खरेदी लोकांना खर्च न वाटता गुंतवणूक वाटते, आणि पुढे तिचा उपभोग घेताना ती वस्तू जणू फुकटच मिळाल्याचा भास होतो. ठेवीदार प्रवासी पुढील सफरीचा विचार करू लागतो तेव्हा ‘अडीचशे डॉलर तर भरलेलेच आहेत’ हा विचार त्यास दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त सफरीपासून परावृत्त करतो. वस्तुतः न परतणारी ठेव हा बुडीत खर्च असून तुलना उरलेल्या भाड्यांचीच व्हावयास हवी. इतर कंपनीची तितकीच समाधानकारक सफर ४०० डॉलरांनी स्वस्त असेल, तर २५० डॉलरांची ठेव सोडून देण्यातच १५० डॉलरांचा लाभ आहे. हे गणित सोपे आहे. ते प्रत्यक्ष आचरणारे थोडे.

मात्र याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. प्रेलेक आणि लोवेनस्टाइन यांच्या १९९८ मधील विवेचनानुसार सहलीसारख्या सुखाचे पैसे आधीच देऊन टाकणे लोक पसंत करतात, कारण त्यामुळे उपभोगाच्या वेळी देण्याची टोचणी राहत नाही. हे समाधान खरे असल्यामुळे ते हिशेबातून वगळणे योग्य नव्हे. केवळ त्याचे मोल प्रवाशाने जाणून द्यावे.

कंपनीची बाजू आणि ऋणकोची पत

कंपनीच्या दृष्टीने ठेव म्हणजे बिनव्याजी भांडवल होय. कार्निव्हल या जगातील सर्वांत मोठ्या सागरी पर्यटन-समूहाकडे नोव्हेंबर २०२३ अखेर ग्राहकांच्या आगाऊ रकमा सुमारे ६४० कोटी डॉलर होत्या. वर्षापूर्वी त्या सुमारे ५१० कोटी होत्या. यांतील फार मोठा भाग निश्चित झालेल्या सफरींचा असला, तरी देयतेचे स्वरूप तेच. शिवाय न वापरलेल्या प्रमाणपत्रांचा अपेक्षित अंश महसुलात धरण्यास २०१४ च्या महसूलविषयक लेखामानकाने अटींसह मुभा दिलेली आहे. प्रवाशाचे विस्मरण हे अशा रीतीने उत्पन्नाचे एक साधन बनते.

म्हणूनच ठेवीदार हा केवळ ग्राहक नसून विनातारण धनको आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. २०२० साली याचा प्रत्यय आला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १४ मार्च २०२० रोजी जहाजांच्या सफरींवर बंदी घातली. मोठ्या जहाजांच्या सशुल्क सफरी तेथील बंदरांतून पुन्हा सुरू होण्यास जून २०२१ उजाडला. रद्द झालेल्या सफरींबद्दल काही कंपन्यांनी रोख परतावा किंवा भरलेल्या रकमेच्या १२५ टक्के भावी सफरीची जमा, असा पर्याय ठेवला. व्याज शून्य धरले तरी ही जमा रोखीहून सरस ठरण्यास ती वापरली जाण्याची संभाव्यता ८० टक्क्यांहून अधिक हवी, आणि कंपनी टिकण्याची शंकाही त्यातच धरावयास हवी. एप्रिल २०२० मध्ये कार्निव्हलने ४०० कोटी डॉलरांचे कर्जरोखे जहाजे तारण ठेवून ११.५ टक्के व्याजाने विकले. तारणासह कर्ज देणारा जेथे एवढा मोबदला मागत होता, तेथे विनातारण थांबणाऱ्या प्रवाशास सेवारूपाने मिळणारे २५ टक्के उदार म्हणता येतील किंवा नाही, याचा विचार वाचकाने करावा.

कार्निव्हल तगून राहिली. सर्वांचे तसे झाले नाही. जानेवारी २०२२ मध्ये गेंटिंग हाँगकाँग या समूहाने दिवाळखोरीचा मार्ग धरला आणि त्याच्या क्रिस्टल क्रूझेस या कंपनीचा कारभार थांबला. इंधनाच्या थकबाकीपायी क्रिस्टल सिम्फनी या जहाजावर अटकेचा आदेश निघाल्याने ते मायामीस न जाता बहामातील बिमिनीकडे वळविण्यात आले. पुढील सफरींसाठी पैसे भरून बसलेल्या ग्राहकांना धनकोंच्या रांगेत दावे दाखल करावे लागले. त्याच वर्षी जहाजे व नाममुद्रा दुसऱ्या समूहाने विकत घेतली. पण जुन्या ठेवी आणि नवा मालक यांचा संबंध आपोआप जुळत नसतो.

कायद्याचे संरक्षण आहे, पण मर्यादित. १९६६ च्या अमेरिकन कायद्यान्वये, ५० किंवा अधिक प्रवाशांची सोय असलेल्या आणि अमेरिकन बंदरातून प्रवासी घेणाऱ्या जहाजांच्या चालकांनी सफर न झाल्यास परतावा देण्याची आर्थिक हमी संघीय सागरी आयोगाकडे सिद्ध करावी लागते. या हमीस कमाल मर्यादा असून २०१५ मध्ये ती ३ कोटी डॉलर करण्यात आली आणि पुढे महागाईनुसार वाढविण्याची तरतूद झाली. मोठ्या कंपनीच्या एकूण आगाऊ रकमांच्या मानाने ही मर्यादा अल्प आहे. शिवाय ही हमी सफर न घडण्याबद्दलची असते. जी ठेव अद्याप कोणत्याच सफरीशी जोडली गेलेली नाही तिच्याविषयी खरेदीदाराने प्रमाणपत्रावरील अटीच बारकाईने वाचल्या पाहिजेत.

निष्कर्ष

सारांश, ठेव पूर्ण परत मिळत असेल, मुदत दीर्घ असेल आणि जमा इतर सवलतींखेरीज वेगळी मिळत असेल, तर अधूनमधून सफर करणाऱ्यासही ती घेण्यास हरकत नाही. ठेव परत मिळत नसेल, तर पुढील सफरीचे वर्ष व कंपनी ज्यांच्या मनात जवळजवळ ठरलेली आहेत त्यांनीच ती घ्यावी, आणि तीही एकच. वार्धक्यामुळे अथवा प्रकृतीमुळे प्रवासाची शाश्वती नसलेल्यांनी प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावे करता येते काय, हे आधी विचारावे. ज्याची पुढील सफर निश्चित आहे, त्यास मात्र खुल्या ठेवीपेक्षा त्या विशिष्ट सफरीचे परतावायोग्य आरक्षण बहुधा अधिक हितावह. कारण त्यात भाडे बांधले जाते. तो खऱ्या अर्थाने इसार होय. खुल्या ठेवीत प्रवासी स्वतःच्या भावी इच्छेवर पैज लावतो, आणि त्या पैजेची किंमत जहाजावरील सायंकाळी न ठरविता घरी परतल्यावर ठरवावी हे उत्तम. ठेव जहाजावरच विकली जाते, याचे कारणही त्यातच आहे.