कंठातील आरसा

एखाद्या दिवशी घसा बसला, तोंडातून शब्द फुटेनासा झाला, की आवाजाचे मोल आपणांस कळते. मग ज्याची उपजीविकाच आवाजावर चालते, त्या गायकावर असा प्रसंग ओढवला, तर त्याची अवस्था काय होत असेल? अशा गायकांना वाट दाखविणारा एक गायनगुरू एकोणिसाव्या शतकात युरोपात होऊन गेला. त्याचे नाव मॅन्युएल गार्सिया.

गार्सियाचा जन्म १८०५ साली एका स्पॅनिश गायकाच्या घरी झाला. १८२५ साली वडिलांच्या मंडळीबरोबर तो अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्क येथे संगीतिकांत गाऊ लागला. परंतु कोवळ्या वयातील अतिश्रमांमुळे त्याचा आवाज थकला व त्याला रंगभूमी सोडावी लागली. तथापि तो खचला नाही. आवाज बिघडतो कसा, हे जाणण्यासाठी त्याने पॅरिसच्या लष्करी रुग्णालयांत कंठाच्या रचनेचा अभ्यास केला.

आपल्या कंठातील स्वरयंत्रात दोन नाजूक घड्या असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने ते कंप पावतात व आवाज उमटतो. साधे बोलतानाही स्त्रीचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकांवर आदळतात. नेहमी ओरडून बोलल्यास किंवा ताणून गायल्यास ते सुजतात, आवाज घोगरा होतो आणि कधी कधी त्यांवर लहान गाठीही येतात.

१८४१ साली स्वीडनची गायिका जेनी लिंड गार्सियाकडे आली. तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. पण अखंड गाण्याने तिचा आवाज पार थकून गेला होता. गार्सियाने तिला औषध दिले नाही. काही आठवडे मुळीच गाऊ नये आणि शक्य तितके कमी बोलावे, एवढेच त्याने सांगितले. गाणे हेच जिचे जीवन, तिला हे मौन किती जड गेले असेल! तिने ते निष्ठेने पाळले. त्यानंतर गार्सियाने तिला योग्य रीतीने गाण्यास नव्याने शिकविले. पुढे हीच जेनी ‘स्वीडनची कोकिळा’ म्हणून जगभर गाजली.

तरीही गाताना स्वरतंतू कसे हलतात, हे गार्सियाला प्रत्यक्ष पाहावयाचे होते. १८५४ साली त्याने दंतवैद्याचा लांब दांडीचा लहानसा आरसा स्वतःच्या घशाशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला, आणि त्याला आपले हलणारे स्वरतंतू दिसले! लवकरच व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी ही युक्ती रोगनिदानासाठी वापरली. १९०५ साली गार्सियाला शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा लंडन येथे देशोदेशींच्या डॉक्टरांनी या गायकाचा गौरव केला.

आज आरशाबरोबर सूक्ष्म कॅमेराही डॉक्टरांच्या हाती आहे. आवाजाच्या काही दवाखान्यांत प्रशिक्षित गायकही डॉक्टरांना साहाय्य करतात. श्वास कसा घ्यावा, स्वर न ताणता कसा काढावा, हे ते रुग्णांना शिकवितात. म्हणून घसा बसला असता ओरडू नये. त्यास विश्रांती द्यावी. दोन-तीन आठवड्यांतही आवाज सुधारला नाही, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे.