कापण्याआधी कन्सोल तपासा
टीव्हीला जोडायचा जुना कन्सोल कापून हातात मावणारा, बॅटरीवर चालणारा करायचा छंद आता आपल्याकडेही रुजतो आहे. सोलापुरात यासाठी सहज सुचतो तो जुना प्लेस्टेशन २, त्यातही २००४ नंतरचा स्लिम. पण करवत उचलण्याआधी तो मूळ रूपात धडधाकट चालायला हवा. नाहीतर दोष जुना की आपण केलेला, हे कळणारच नाही.

सुरुवात अडॅप्टरपासून. सुरुवातीच्या स्लिमला बाहेरून ८.५ व्होल्ट लागतात. जुन्या मालकाने भलताच १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला असेल, तर बोर्डावरचे छोटे फ्यूज उडालेले असू शकतात. मल्टिमीटरने ते आधी बघा. शेवटच्या ९०००० मालिकेत वीजपुरवठा आतच असतो, तिथे हा हिशेब वेगळा.

मग डिस्क न घालता सुरू करा. पडद्यावर मेन्यू आला, तर बोर्ड बहुधा ठीक. तारीख पुसली जात असेल तर नाण्याएवढी बॅटरी संपली, एवढंच. डिस्क वाचत नसेल तर लेझर थकलाय, आणि माझ्या मते ही उलट भाव पाडायची संधी आहे. हातातल्या कन्सोलमध्ये डिस्क ड्राइव्ह बहुतेकदा काढूनच टाकतात.

खरी परीक्षा उष्णतेची. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाशेजारच्या घरातून आलेला कन्सोल असेल, तर पंख्यात सुताची तुसं सापडण्याची तयारी ठेवा. साफ करून तासभर गेम चालवा, शक्यतो मे महिन्यातल्या दुपारी.