जिन्यावरचा दिवा आणि हाताचे बटण

जबलपूरच्या महाराजपूर भागात काय किंवा महाराष्ट्रातील एखाद्या गावात काय, दुमजली घराचा जिना पुष्कळदा दोन भिंतींमध्ये कोंडलेला असतो. दिवसाही तेथे अंधार. आणि बटण अशा ठिकाणी, की ते गाठण्यापूर्वी दोनतीन पायऱ्या चाचपडत उतराव्या लागतात. वृद्धांना भय असते ते याच पायऱ्यांचे. माणसाची चाहूल लागताच आपोआप पेटणारा दिवा हा त्यावरचा अलीकडचा उपाय होय. तथापि तो बसविताना जुने बटण निरुपयोगी समजून काढून टाकण्याचा मोह होतो, आणि घोटाळा तेथेच सुरू होतो.

या दिव्याचा डोळा माणसाचे रूप पाहत नाही. तो उष्णता पाहतो. आपल्या शरीरातून अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात. डोळ्यावरील दुधी भिंग समोरच्या जागेचे अनेक पट्टे पाडते, आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात शिरला की आतील संवेदकावर पडणारी उष्णता बदलते. तो बदल हीच खूण. म्हणून आडवा जाणारा माणूस त्याला चटकन दिसतो, सरळ त्याच्याकडे चालत येणारा उशिरा. आणि दम लागून पायरीवर स्तब्ध बसलेली आजी काही वेळाने त्याच्या लेखी तेथे नसतेच. दिवा मालवतो.

जबलपूरसारख्या ठिकाणी आणखी एक अडचण आहे. मे महिन्यात तेथील दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. गच्चीखालच्या जिन्याच्या भिंती दिवसभर तापतात आणि रात्री बराच वेळ ऊब सोडीत राहतात. माणसाच्या त्वचेचे तापमान सुमारे ३३ ते ३५ अंश. भिंतही तितकीच तापलेली असली, तर संवेदकाला माणूस आणि भिंत यांत भेद करणे कठीण जाते. हिवाळ्यात पाच-सहा मीटरांवरून ओळखणारा डोळा उन्हाळ्यात जवळ येईपर्यंत जागा होत नाही. हा यंत्राचा बिघाड नव्हे, स्वभाव आहे. आणि म्हणूनच हाताचे बटण हवे.

आता जोडणी. नेहमीच्या संवेदकाला तीन तारा असतात: फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडे जाणारी तार. बटण संवेदकाच्या आधी, फेजच्या तारेत एकसर जोडले, तर ते फक्त सारे बंद करू शकते. संवेदकाने दगा दिल्यास दिवा लावू शकत नाही. तेच बटण समांतर जोडले, म्हणजे फेजपासून थेट दिव्याच्या तारेपर्यंत नेले, तर दिवा हवा तेव्हा हाताने लावता येतो आणि बटण बंद असताना संवेदक आपले काम करतो. जिन्यासाठी ही दुसरी रीत श्रेयस्कर.

जिन्याला खाली एक व वर एक अशी टू-वे बटणे पूर्वीपासून असतात. त्यांपैकी एक काढून त्या जागी संवेदक बसविणे ही सर्रास होणारी चूक होय. दुसरे बटण फिरले, की संवेदकाची वीजच तुटते. शिवाय त्या पेटीत पुष्कळदा न्यूट्रल आलेली नसते. दोन्ही बटणे जशीच्या तशी ठेवावीत, संवेदकाला स्वतंत्र फेज व न्यूट्रल द्यावी, आणि त्याची तिसरी तार दिव्याशी जोडावी. मात्र संवेदक रिलेचा असावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बटणे व संवेदक एकाच मीटरच्या, एकाच फेजवर असावेत. खाली घरमालक, वर भाडेकरू, दोघांचे मीटर वेगळे, अशा घरात दोन फेज एकत्र आल्या तर तारांमध्ये ४०० व्होल्टचा दाब येतो. हे काम परवानाधारक वायरमननेच, मेन स्विच बंद करून करावे.

विजेची बचत हे या दिव्याचे मुख्य भूषण मानण्याचे कारण नाही. ९ वॅटचा दिवा रोज बारा तास जळला, तरी महिन्याला सव्वातीन युनिटे होतात. खरा लाभ पाय न घसरण्याचा; म्हणून वेळ मोजणारी कळ अगदी आखूड ठेवू नये. सावकाश चढणाऱ्याला वरच्या पायरीपर्यंत पोहोचता येईल इतके मिनिट-दोन मिनिटे द्यावीत. जिना मध्ये वळत असेल, तर वळणापलीकडे दुसरा संवेदक हवाच. भिंतीआडचे त्याला दिसत नाही. दिवसा अंधारी असणाऱ्या जिन्यात उजेड मोजणारी कळही त्याप्रमाणे फिरवावी, नाहीतर दुपारी दिवा रुसून बसेल.

वीजच गेली, तर संवेदक आणि बटण दोन्ही मुकी. २२ मे १९९७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, उजाडण्यापूर्वी जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि झोपेतली माणसे अंधारात घराबाहेर धावली. अशा वेळेसाठी जिन्याचा दिवा इन्व्हर्टरवर घ्यावा, किंवा बॅटरीवरचा एक लहान दिवा पहिल्या पायरीजवळ वेगळा लावावा.