जखमी भटके मांजर दिसल्यास काय कराल? पॅरासिटामॉल का ठरते जीवघेणे?

पावसाळ्यात ऊब आणि आडोसा शोधत भटकी मांजरे गाडीच्या बॉनेटखाली शिरतात. इंजिन सुरू होताच पंख्यात किंवा बेल्टमध्ये सापडून जखमी होतात. अशा वेळी कळवळून घरातली वेदनाशामक गोळी दिली जाते. मात्र, हीच मदत मांजराच्या जिवावर बेतू शकते.

पॅरासिटामॉल का नको?
हे औषध निकामी करून शरीराबाहेर टाकण्यासाठी माणसाच्या यकृतात असलेले एन्झाइम मांजरात फारच कमी असते. त्यामुळे विषारी घटक साचतात आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, धाप लागते. एक गोळीही जीव घेऊ शकते.

पकडायचे कसे?
घाबरलेले मांजर ओळखीच्या माणसालाही चावते. मागच्या बाजूने जाड टॉवेल टाकून गुंडाळावे आणि हवेसाठी छिद्रे पाडलेल्या खोक्यात ठेवावे. अंधारात ते शांत राहते. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी. दूध-पाणी बळजबरीने पाजू नये. ते तोंड उघडून श्वास घेत असेल, तर तातडीने पशुवैद्यकांकडे न्यावे. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे.

मांजर चावले तर?
मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. जखम छोटी दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लशीबाबत विचारावे.